फोटोपुरता पूर

धाम नदीचं पाणी धुरपताच्या घरातून उतरून चार दिवस झाल्यावर पंचनाम्याचे साहेब आले. "फोटोत पाणी दिसलं नाई, तर पूरग्रस्तांच्या यादीत नाव येत नसते, बाई."

"चार दिवस चिखल उपसला, साहेब. तुमच्यासाठी पूर राखून ठेवाले पाह्यजे होता का?"

"मले काऊन सांगता? या मोबाईलातल्या ॲपले सांगा."

धुरपतानं आणि सून नलूनं विहिरीवरून बादल्या आणून नुकत्याच सारवलेल्या घरात ओतल्या. जमीन दिसेनाशी झाली, तशी धुरपतानं हाक मारली, "या साहेब, आला पूर!"

साहेब उंबऱ्यापर्यंत आले, आत वाकून पाहिलं. "छे, बूट खराब होतील माझे," म्हणत त्यांनी अंगणातूनच फोटो काढला. खडखडीत अंगणाच्या त्या फोटोखाली त्यांनी लिहिलं, 'पाणी आढळले नाही.'