झाकणावरची टाच

लोर्कनचा म्हातारा बाप हयातभर येईल त्या पाहुण्याला परसात न्यायचा, संडासाच्या टाकीच्या झाकणावर दोनदा टाच आपटायचा आणि म्हणायचा, “माझ्या हातची आहे.” म्हातारा वारल्यावर लोर्कननं ती टाकी फोडून तिथंच नवी बसवली. आयर्लंडच्या त्या ओल्या माळावर तशी टाकी कुणाकडे नव्हती.

शेजारचा फिनटन बघायला आला, तसा लोर्कन ऐटीत झाकणावर चढला. त्यानं दोनदा टाच आपटली.

खालून दोन ठोके आले.

“घुमते रे तुझी,” फिनटन म्हणाला. “बापाची नव्हती घुमत.”

“घुमेल कशी? ओल्या जमिनीतून टाकी तरंगून वर येऊ नये म्हणून काठोकाठ पाणी भरलंय. नीट ऐक.”

लोर्कननं पुन्हा टाच उचलली. ती हवेतच होती, तेवढ्यात खालून दोन ठोके आले, तितक्याच ऐटीत.