कागदावर कागद

“अहो आजोबा, काच खरवडू नका,” खिडकीपलीकडून कारकून खेकसला.

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने सासऱ्यांचा हात हळूच बाजूला केला. औषधाचं खोकं असो की विजेचं बिल, कडेवरून अंगठा फिरवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. उभी हयात पुस्तकांची बांधणी करण्यात गेली होती, पण त्या पुस्तकांतलं एक अक्षर त्यांना ओळखता येत नव्हतं. सकाळी निघतानाच तिने बजावलं होतं, “बाबा, कुणी सही मागितली तर मला पुढे करा. चारचौघांत अंगठा नको.” ते नुसते हसले होते.

खरं तर तिला एकटीनेच यायचं होतं. अडतिसाव्या वर्षी नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायचा आज शेवटचा दिवस होता. तीन वर्षं शिलाई मशीनवर मान मोडून जमवलेले पैसे फोनमध्ये होते. “तू शिकायला निघालीस, मग मी घरी काय करू?” म्हणत सासरे चपला घालून तयार.

काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड तिने स्कॅन केला, रक्कम टाकली. मागून कुणीतरी पुटपुटलं, “आटपा हो बाई.” तिने घाईघाईने पिनचा पहिला आकडा दाबला.

सासऱ्यांचा अंगठा पुन्हा काचेवर गेला होता.

“थांब पोरी. हा कागदावर कागद आहे.”

“आजोबा, कॉलेजचाच कोड आहे तो,” कारकून वैतागला. “कालही हाच होता. तुम्हाला काय कळतंय यातलं?”

“यातलं काही कळत नाही. डिंक कळतो. कोपऱ्यातला अजून ओला आहे.” मग ते सुनेकडे वळले. “नाव कुणाचं आलंय बघ. तुला वाचता येतं ना?”

तिने वाचलं. इतका वेळ वाचलंच नव्हतं. पडद्यावर कॉलेजचं नाव नव्हतं, भलत्याच कुणा माणसाचं होतं. तिने दाबलेला आकडा झटकन पुसला.

सासऱ्यांनी कोपऱ्याखाली नख घातलं आणि वरचा कागद अलगद सोलून काढला. खालच्याला ओरखडाही नाही. तिथे दुसरा कोड होता, कॉलेजच्या शिक्क्यासकट. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद असताना कुणीतरी डाव साधला होता. कारकून खुर्चीतून उठलाच. मघाशी पुटपुटणारा आता पुढे येऊन त्या हाताकडे बघत राहिला. काय हात होता तो!

तिने खालचा कोड स्कॅन केला, नाव दोनदा वाचलं आणि मगच फी भरली.

तेवढ्यात कारकून तक्रारीचा कागद घेऊन बाहेर आला. त्याने पेन म्हाताऱ्यापुढे दोन्ही हातांनी धरलं. “बाबा, किती पोरांचे पैसे वाचवलेत तुम्ही. पहिली सही तुमचीच.”

सासऱ्यांनी हात पाठीमागे घेतले. सकाळचं त्यांच्या लक्षात होतं. “सही ही करेल,” ते म्हणाले.

सुनेने त्यांचा हात धरून पुढे आणला.

“पेन राहू द्या,” रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “शाईचं पॅड आणा. आमचे बाबा अंगठा देतील.”