तिसरा डबा

पिशवी टाकीत तरंगत होती. आतला नारिंगी-पांढरा मासा तोंड उघडत होता, मिटत होता. धम्मपाल समोर स्टुलावर बसून घड्याळ बघत होता.

"वीस मिनिटं अशीच," त्याने संचिताला सांगितलं. "मग बादलीत. मग त्यात थेंब थेंब आपल्या टाकीचं पाणी. दुकानातलं पाणी वेगळं, आपलं वेगळं. डायरेक्ट सोडला तर शॉक बसून मरतो."

"हं," संचिता म्हणाली. ती त्याची अकरावीतली मुलगी.

सकाळी धम्मपालने भावनाशी रजिस्टर लग्न केलं होतं. जेवून भावना मोहने गावात भावाकडे कपडे आणायला गेली, ती सातपर्यंत येणार होती. आणि हे गृहस्थ मधल्या वेळेत मासा घेऊन आले, का तर दुकानात आजच माल आला होता. दोन्ही नवी मंडळी एकाच दिवशी घरात आणायचं धम्मपाललाच सुचावं.

संचिताने सकाळपासून स्वतःला दोन-तीनदा चाचपून पाहिलं होतं. राग नव्हता. रडू येत नव्हतं. टेंभी नाक्याच्या हॉटेलात तिने दुसरा गुलाबजामही मागून घेतला, पण त्याची चव कळली नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं सगळं अंगभर झालं होतं.

मासा बादलीत गेला. टाकीतून एक बारीक नळी बादलीत सोडली होती, तिला गाठ मारलेली. त्यातून टप टप पाणी पडत राहिलं. धम्मपालने बाह्या सारल्या, कोपरापर्यंत हात टाकीत घातला आणि तळाचे दगड उचलून भलतीकडेच मांडायला लागला. टाकीतला जुना निळा मासा सैरावैरा पळाला.

"ते कशाला हलवताय, पप्पा?"

"हा निळा अख्खी टाकी बापाची समजतो. नवीन मासा दिसला की टोचून टोचून मारेल. दगड हलवले ना, की ह्यालाही आपली जागा सापडत नाही. मग दोघं नवीन. भांडण कमी होतं."

"त्याला वाईट नाही वाटत?"

"माशाला काय वाटणार?" धम्मपाल म्हणाला. पण हात लगेच बाहेर काढला नाही. "दोन दिवस शोधतो. मग राहतो."

नव्या माशाला पहिल्या दिवशी उजेड नको, म्हणून त्याने टाकीचा दिवा बंद केला, हॉलची ट्यूब बंद केली. स्वयंपाकघरातला उजेड थेट टाकीवर येत होता. तिथला दिवाही बंद केला.

त्यामुळे भावना आली ती अंधारातच.

"लाईट गेलीय का?" तिने दारातून विचारलं.

"नाही गं, मासा आणलाय," धम्मपाल म्हणाला. नव्या बायकोचं असं स्वागत वर्तकनगरात तरी आधी झालं नसेल. ती चप्पल काढून सोफ्याच्या कडेवर बसली. बॅग कुठे ठेवू, असं तिने विचारलं. "ठेव ना कुठेही," म्हणून तो माशाची जाळी शोधायला गेला. तिने बॅग पायाशी धरली, पट्टा हातातच ठेवला.

थोड्या वेळाने ती संचिताला हळूच म्हणाली, "पाणी घेऊ का मी?"

संचिताला कळलं, ही का विचारतेय ते. परवा पप्पा फोनवर तिला सांगत होते, "किचनमध्ये काही हलवू नकोस. संचिताला चालत नाही." खरंच होतं ते. फळीवर एकसारखे अकरा स्टीलचे डबे होते आणि एकावरही नाव नव्हतं. आईने लावलेली रांग हेच त्यांचं नाव. आई जाऊन पावणेदोन वर्षं झाली, रांग तीच होती. एकदा प्रीतीआत्याने हाताशी असावा म्हणून चहाचा डबा खालच्या फळीवर आणला, तर संचिता दोन दिवस जेवली नव्हती.

"मी आणते," ती म्हणाली.

अंधारात तिने ग्लास भरला. मग हात सवयीने फळीवर गेला. तिसरा डबा, चहा. डोळे मिटूनही सापडायचा. तो तिने ओट्यावर उतरवला. मग चौथा. मग सगळेच. कुठला कुठला ते न बघता, हलवून आवाजही न ऐकता, हाताला येईल तो तिने परत वर चढवायला घेतला. सहावा-सातवा डबा ओट्यावर खणकन आपटला. ती थांबली नाही.

"काय पडलं गं?" पप्पांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही."

शेवटी तिने पुन्हा तिसऱ्या जागेवरचा डबा हातात घेतला. जड होता. तांदूळ असावेत. आता आई ह्या घरात कुठेच नाही, असं तिला वाटलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी दुखलं.

तिने पाणी नेऊन दिलं. भावनाने ते एका दमात संपवलं. पट्टा अजून हातातच होता.

"चहा करू का सगळ्यांना?" तिने भीतभीत विचारलं. "पावडर कुठे असते तेवढं सांग, मी बाकी कशाला हात नाही लावणार."

"माहीत नाही," संचिता म्हणाली. "मलाही शोधावी लागेल."

 भावनाने पट्टा सोडला आणि ती उठली.