काचेपाशी उभा मुकादम

“आता काय म्हणतेय ती?” साहेबांनी खुर्चीतूनच विचारलं.

मुकादम केबिनच्या काचेला नाक लावून खाली मागखात्यात बघत होता. खाली शेकडो माग धडधडत होते. त्या आवाजात शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलत. पार पलीकडच्या रांगेतलीलाही ते बोलणं वाचता येई.

“सुनेबद्दल बोलतेय,” मुकादम म्हणाला. “पोर रडून रडून निळं पडलं, तरी ही ढिम्म उठत नाही म्हणते.”

कोपऱ्यात चहा पीत बसलेले फौजदार हसले. साहेब हसले नाहीत.

युद्ध सुरू झालं, पुरुष आघाडीवर गेले आणि माग बायकांच्या हाती आले. सैनिकांच्या कांबळ्यांची घाई होती, म्हणून कामाची पाळी लांबतच चालली होती. नुकतीच एका पोरीला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि तिचा हात मागाच्या पट्ट्यात गेला. तेव्हापासून खात्यात संपाची हवा होती. पाळी पूर्वीसारखी करा, एवढंच मागणं. पण युद्धकाळात संप म्हणजे गुन्हा. पुढारी तेवढा तुरुंगात टाकला की बाकीच्या आपसूक गार पडतील, असा साहेबांचा हिशेब होता.

पण ती ओठांची बोली साहेबांना कुठून यायची? म्हणून त्यांनी मुकादमाला हाताशी धरलं होतं. तो याच खात्यात लहानाचा मोठा झालेला, पायाने अधू म्हणून आघाडीवर न गेलेला. बायका त्याला साहेबांचा पोपट म्हणत. हे त्याने स्वतःच साहेबांना वाचून दाखवलं होतं, त्यामुळे साहेबांचा त्याच्यावर भलताच विश्वास बसला होता.

“या सारख्या वर का बघतात हो?” फौजदारांनी विचारलं.

“मला शिव्या देतायत. वाचून दाखवू?”

“नको.”

साहेब उठून त्याच्या मागे येऊन उभे राहिले. “आणि तुझं तोंड काय हलतंय मघापासून? काही चघळतोयस?”

“नाही साहेब. लांबचं नीट कळत नाही, मग तोच शब्द आपल्या ओठांवर घोळवून बघावा लागतो. जुनी सवय आहे.”

फौजदार स्वतः पेपर वाचताना ओठ हलवत. त्यांना हे लगेच पटलं.

“ते असू दे,” साहेब म्हणाले. “जेवणाच्या भोंग्याआधी मला पुढारी हवा. नाही मिळाला, तर पहिल्या रांगेतली ती म्हातारी उचलू. कोणीतरी आत गेलंच पाहिजे.”

ती म्हातारी म्हणजे मावशी. सगळं खातं तिला मावशीच म्हणे. मुकादमाला माग चालवायला तिनेच शिकवलं होतं. मावशी तुरुंगातून जिवंत परत आली नसती. तो पुन्हा खाली बघत ओठ हलवू लागला.

“सापडलं, साहेब,” शेवटी तो म्हणाला.

“कोण?”

“नाव नाही घेतलं कोणी. पण उद्याचं ठरलंय. सकाळच्या भोंग्याला आत यायचं नाही, फाटकावरच बसायचं. पुढारी सगळ्यांत आधी येऊन बसणार आहे. आज भलतीलाच उचललंत, तर खरा पुढारी हातचा जाईल.”

साहेबांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी त्यांनी मुकादमाच्या पाठीवर थाप मारली. “तू नसतास तर आम्ही अंधारातच होतो रे. माणूस कसा असावा, तर असा.”

“आपली कृपा,” मुकादम म्हणाला.

फौजदारांनी कप खाली ठेवला. उद्या फाटकावर शिपाई किती लागतील, ते कुठे दडवून उभे करायचे, याचं दोघांचं बोलणं सुरू झालं. मावशीचा विषय मागे पडला.

मुकादम पुन्हा काचेकडे वळला. खाली मावशीने मान वर केली. तिच्यापाठोपाठ पहिल्या रांगेने केली, मग दुसरीने, मग सगळ्या खात्याने. साहेबांकडे पाठ ठेवून, शेवटच्या रांगेतलीलाही वाचता येईल इतक्या सावकाश, मुकादमाने नुसते ओठ हलवले, “आता.” आणि सगळे माग एकदम थांबले.