डावा कान

दवाखान्यात नंबर यायला अवकाश होता. पैलवान खुर्चीवर बसायचा, उठायचा, पाण्याच्या फिल्टरपर्यंत जाऊन पाणी न पिताच परत यायचा. बसताना दर वेळी उजवी बाजू दाराकडे करायचा. डावा कान मातीत रगडला जाऊन कधीच बुजला होता. भर उन्हाचा कानांवरून गुंडाळून आणलेला मफलर या येरझाऱ्यांत खांद्यावर घसरला होता.

शेजारी त्याची मुलगी बसली होती, केस मोकळे सोडून. केसांखाली कान टम्म सुजलेला. परवा आखाड्यात दबला होता.

घराण्यात कुस्ती खेळलेल्या सगळ्यांचे कान असेच. आजोबांचा पहिला कान फुटला तेव्हा म्हणे साऱ्या गल्लीचं तोंड गोड केलं होतं. पैलवान स्वतः आल्यागेल्याला कान चाचपायला लावायचा. सांगायचा, हा आमचा वारसा, बिनकागदाचा. थोरला मुलगा कोऱ्या कानांनी कंप्युटरवर बसतो, याची हळहळ त्याला अजून होती. मुलीचा कान सुजला तेव्हा मात्र घराला डॉक्टर आठवला. उद्या तिला बघायला येतील ते काय कान चाचपणार आहेत, असं तिच्या आईनं विचारलं होतं. पैलवानानं खुंटीवरचा मफलर काढला होता.

डॉक्टरांनी कान दाबून पाहिला. सुईनं रक्त काढू, घट्ट पट्टी बांधू, कान होता तसा होईल, म्हणाले. फक्त पंधरा दिवस कुस्ती बंद.

तिची निवडीची कुस्ती रविवारी होती.

"आणि रक्त नाही काढलं तर?" मुलीनं विचारलं.

"दोन-तीन दिवसांत कडक होईल. मग कायमचा..." डॉक्टरांना शब्द सापडेना, म्हणून त्यांनी पैलवानाकडे बोट केलं. "यांच्यासारखा."

मुलीनं बापाकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही काढलं होतं?"

"आमच्या वेळी..." पैलवान म्हणाला.

"मग रविवारनंतर येते," ती डॉक्टरांना म्हणाली. रविवारनंतर काढण्यासारखं काही उरणार नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

बाहेर पडताच तिनं मनगटावरचा रबर काढून केस वर घट्ट बांधले आणि भराभर चालू लागली. समोरून येणारे वळून बघत होते.

पैलवानाचा फोन वाजला. काढलं का रक्त, बायको विचारत होती. फार दुखलं का? कान सरळ होईल ना?

पैलवानानं पुढे जाणाऱ्या मुलीकडे पाहिलं. मग फोन उजव्या कानावरून काढून डाव्या कानाला लावला.

"काय म्हणतेस? काहीच ऐकू येत नाहीये."