भांड्याच्या आतलं बोट

या मायबाप, असे जवळ सरका. तांब्याच्या एका भांड्याची गोष्ट सांगतो. अमरावतीच्या कॉलेजातल्या कमलाकांत मास्तरांना अतिथंड करून पाण्यासारखी पातळ केलेली हवा साठवायला दुहेरी भिंतींचं भांडं हवं होतं. आतली थंडी टिकावी म्हणून दोन भिंतींमधली पोकळी पंपानं पार रिकामी करायची होती. अकोल्याच्या जानराव तांबटांनी अंगात ताप असताना ते जोडून दिलं आणि अंथरूण धरलं. वैद्यानं आशा सोडली होती.

चार दिवस पंप चालला, पण दोन भिंतींमधली हवा काही संपेना. गळती शोधायला साबणाचा फेस लावला. कुठं बुडबुडा नाही. शेवटी मास्तर जानरावांच्या घरी आले.

"वहिनी, बंद करण्याआधी आत कुणाचा हात लागला होता का? बोटाचा तेलकटपणासुद्धा चालत नाही. त्याचीच वाफ होत राहते."

जानरावांच्या बायकोनं, सुंदराबाईनं, नवऱ्याच्या अंथरुणाकडं पाहिलं. "मीच लावला, मास्तर. त्याइचे हात थरथरून राहिले होते. काम तडीस जाऊ दे म्हून मेण लावून त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आत."

"मग कापावं लागेल. आतलं कुंकू पुसून..." मास्तरांनी जीभ चावली.

"कापा तुमी," ती म्हणाली. "पुसाले मात्र मले नका सांगू."

मायबाप, देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या माउलीला आठवा.