कोल्ड रूमचा दिवा

कोल्ड रूमचा दिवा पुन्हा लागला. ताईंनी माउस सरकवला आणि तो पुन्हा विझवला.

जेवून येऊन खुर्चीत बसल्यापासून हेच चाललं होतं. आल्या तेव्हा दिवा चालूच होता, तो त्यांनी बंद केला. जरा वेळाने लागला. बंद केला. परत लागला. नाना आज हट्टालाच पेटलेले दिसतात, असं त्या मनाशी म्हणाल्या.

इमारतीतले लोक त्यांना पाठीमागे बचतताई म्हणत, तोंडावर नुसतं ताई. तळमजल्यावर किराणा-भाजीचं मोठं दुकान, वरती दवाखाने, कचेऱ्या आणि क्लास अशी ती इमारत. तिच्या विजेचा सगळा कारभार ताईंच्या टेबलावरच्या पडद्यावर मांडलेला असे. दिवा, एसी, पंप, लिफ्ट, दार, प्रत्येकाचा एकेक ठिपका. माणूस नाही तिथे वीज जळता कामा नये, हा त्या सॉफ्टवेअरचा नियम होता आणि ताईंचाही. वर्षभरात विजेचा वापर चांगलाच खाली आला होता आणि माणसांचा पारा तितकाच वर चढला होता. वकीलसाहेब कागद वाचण्यात गढले की त्यांच्या केबिनमधला दिवा जाई, आणि पक्षकारासमोर त्यांना हात हलवून आपण आहोत हे सिद्ध करावं लागे. घरीसुद्धा ताईंचे यजमान म्हणत, आमच्या फ्रीजमधला दिवाही हिला विचारूनच लागतो.

पण खरी जुंपली होती ती नानांशी. नाना म्हणजे किराणा दुकानाचं कोठार सांभाळणारे. आवाज मोठा, मिशी त्याहून मोठी. माल गोठवून ठेवायच्या कोल्ड रूममधला दिवा त्यांची माणसं चालू ठेवून येत. दिव्याने आत ऊब वाढते, ती काढायला मशीन जास्त चालतं, असं ताईंनी समजावून पाहिलं. नानांनी भर बैठकीत विचारलं होतं, हातात खोकी घेतलेल्या माणसाने बटण नाकाने दाबायचं का? सगळे हसले. ताई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. नाना मुद्दाम दिवा चालू ठेवून बाहेर पडत; तिथल्या थंडीत हालचाल टिपणारं यंत्र टिकत नसे, म्हणून ताई वरून स्वतः विझवत. चहाच्या मशीनपाशी या लढाईवर पैजा लागत.

दिवा पुन्हा लागला.

आता मात्र ताईंचं डोकं फिरलं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, ती त्यांनी आजवर कधी वापरली नव्हती. भिंतीवरचं बटणच निकामी करून टाकायचं. मग खाली कुणी कितीही दाबलं तरी दिवा लागणार नाही. त्यांनी तो पर्याय उघडला. नक्की का, असं पडद्याने विचारलं. त्यांचं बोट माउसवर टेकलं.

आणि तिथेच अडलं. दिव्याच्या ठिपक्याशेजारी दाराचा ठिपका होता. तो हिरवा होता. दार बंद होतं. ताईंनी मागची नोंद वर सरकवून पाहिली. त्या जेवायला जायच्या आधी दार एकदा उघडलं होतं, लगेच लागलं होतं, आणि त्यानंतर उघडलंच नव्हतं.

दिव्याचं बटण आतल्या बाजूला होतं.

दुकानातला फोन नुसता वाजत राहिला. ताई जिन्याने धावत सुटल्या. पुढच्या बाजूला मालाची गाडी आली होती आणि झाडून सगळी माणसं तिथे होती. मागच्या बोळात धोक्याची घंटा ठणाणत होती, पण ऐकायला कुणी नव्हतं. ताईंनी दोन्ही हातांनी दार ओढलं. आतून उघडायचा दांडा बर्फाने गच्च धरला होता. आत, बटणाखाली, खोक्यांचे पुठ्ठे अंगावर ओढून नाना बसले होते. मिशी पांढरी झाली होती. ते काहीतरी म्हणाले, पण दातांवर दात आपटत होते, शब्द कळला नाही. त्यांचा एक हात तेवढा बटणावर होता.

हातापायाची बोटं वाचली. आणखी थोडा उशीर झाला असता तर माणूसही वाचला नसता, असं डॉक्टरांनी नानांच्या बायकोला, काकूंना सांगितलं.

 सगळे त्यांची पाठ थोपटत होते, दुकानाच्या मालकांनी तर फोन करून आभार मानले. माउसवर टेकलेल्या बोटाची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या दवाखान्यात गेल्या. काकूंनी खुर्ची पुढे सरकवली. नाना उशीला टेकून बसले होते, हातांना पट्ट्या होत्या. चहा झाला. काकू कप विसळायला बाहेर गेल्या, तशी ताईंनी मान खाली घातली.

"नाना, दिवा मीच विझवत होते. तुम्ही आत गारठत होतात आणि मी तुम्हाला अंधारातही बसवत होते. शेवटी तर ते बटणही बंद करायला निघाले होते."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा मोठा आवाज अजून परतला नव्हता.

"दार ठोकलं, घंटा वाजवली, कुणी आलं नाही," ते सावकाश म्हणाले. "वर बघत बसलो, तर दिवा आपला जळतोच आहे, जळतोच आहे. तेव्हा माझा धीर सुटला, ताई. आणि मग एकदाचा तो विझला. म्हटलं, चला, बाई जागेवर आल्या."